ऱ्हासाचा निकष आणि शेवटाचा अधिकार : 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या अखेरच्या पर्वांविषयीचा वाद

१

१९ मे २०१९ रोजी 'गेम ऑफ थ्रोन्स' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा त्र्याहत्तरावा आणि अखेरचा भाग प्रसारित झाला. एचबीओ ह्या वाहिनीने दिलेल्या आकड्यांनुसार त्या रात्री तो १ कोटी ९३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. ह्या वाहिनीच्या इतिहासात तोवर कोणत्याही भागाला एवढा प्रेक्षक लाभलेला नव्हता. त्याच आठवड्यात, हे अखेरचे पर्व अधिक समर्थ लेखकांकडून लिहवून घेऊन नव्याने चित्रित करावे, अशी मागणी करणाऱ्या एका जाहीर अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झालेल्या होत्या. पुढे हा आकडा १५ लाखांच्याही पलीकडे गेला. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ह्याच पर्वाला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला.

हे तीन पुरावे परस्परांशी जुळत नाहीत. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने मालिका शिखरावर होती. व्यवसायातील जाणकारांच्या दृष्टीने ती पुरस्कारास पात्र होती. आणि जे आठ वर्षे तिच्यावर प्रेम करीत आले होते, त्यांच्यापैकी फार मोठ्या वर्गाच्या दृष्टीने ती केव्हाच उताराला लागलेली होती. ही विसंगती 'लोकाभिरुचीचा लहरीपणा' अशा ढोबळ शब्दांनी मिटवता येत नाही. तक्रार करणारे मालिकेला कंटाळून उठून गेलेले नव्हते. ते शेवटच्या रात्रीपर्यंत बसून राहिले होते, आणि बसून राहिल्यामुळेच तक्रार करीत होते.

चाहत्यांच्या अशा वादांकडे वाङ्मयीन समीक्षेने बराच काळ दुरूनच पाहिले. हेन्री जेन्किन्स यांच्या 'टेक्श्चुअल पोचर्स' (१९९२) ह्या ग्रंथानंतर चाहत्यांच्या व्यवहाराचा अभ्यास विद्यापीठांत रूढ झाला. चाहत्यांच्या समीक्षेची त्यात दखल घेतली गेली असली, तरी ते मूळ संहितेतून स्वतःसाठी काय घडवतात, ह्या प्रश्नाने अभ्यासकांचे लक्ष अधिक वेधून घेतले. चाहते निर्णय कसा देतात आणि त्या निर्णयामागे कोणते निकष असतात, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. 'गेम ऑफ थ्रोन्स'विषयीचा वाद ह्या प्रश्नासाठी विशेष उपयुक्त आहे. 'ऱ्हास' ह्या एका शब्दाखाली त्यात तीन वेगळे प्रश्न एकवटले होते: कृतीचा कर्ता कोण मानावा, घटनेचे कारण कोठे शोधावे, आणि मागील सर्व भागांचा अर्थ बदलण्याचा अधिकार शेवटाला आहे काय. हे प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेतले, तर ह्या वादात केवळ रोष नव्हता, क्रमशः कथनाचे एक अपुरे पण खरे सौंदर्यशास्त्र त्यात आकार घेत होते, असे दिसून येते.

२

हा वाद दूरचित्रवाणीपेक्षा जुना आहे. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथनाबरोबरच तो जन्मास आला. आर्थर कॉनन डॉइल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. ह्या पुनरागमनानंतर कॉर्नवॉलमधील एका नावाड्याने त्यांना ऐकवलेले मत डॉइल यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही, असा त्या मताचा आशय होता. ऱ्हासाच्या सर्व वादांचे बीज ह्या एका शेऱ्यात आहे. नाव तेच, लेखक तोच, मासिकही तेच. पण पात्राची ओळख वाचकाच्या मनात एका विशिष्ट बिंदूला तुटलेली आहे.

ह्या तुटलेपणाला पद्धतीचे रूप दिले ते रोनाल्ड नॉक्स यांनी. होम्सकथांवरील आपल्या १९११च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी बायबलच्या उच्च चिकित्सेची पद्धत विनोदाने होम्सकथांना लावली आणि पुनरागमनानंतरच्या कथा अस्सल नसून वॉटसनने पदरच्या रचल्या आहेत, असा सिद्धान्त मांडला. निबंध विडंबनपर आहे. पण त्यातील युक्तिवादाची घडण पुढील शंभर वर्षे टिकून राहिली. आवडत्या कृतीचा एखादा भाग निकृष्ट वाटला की आस्वादक त्याला वाईट म्हणून थांबत नाही. तो त्याला प्रक्षिप्त ठरवतो. मात्र पाठचिकित्सेतील प्रक्षेप आणि हा प्रक्षेप यांत मूलभूत भेद आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत एखादा श्लोक गाळला जातो, तो हस्तलिखितांच्या साक्षीवरून. संपादकाला तो आवडला नाही म्हणून नव्हे. चाहत्यांजवळ अशी बाह्य साक्ष नसते. त्यांच्या हाती असतो तो पात्राच्या एकात्मतेचा अनुभव, आणि तोच ते पुरावा म्हणून पुढे करतात.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात ह्या वादाला दुसरे परिमाण मिळाले ते 'स्टार ट्रेक'मुळे. ही मालिका बंद पडणार, असे दिसू लागताच १९६७-६८च्या हिवाळ्यात जॉन व ब्यो ट्रिम्बल ह्या दांपत्याच्या पुढाकाराने चाहत्यांनी एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला. वाहिनीने मालिकेला तिसरे पर्व दिले. परंतु त्याला शुक्रवारी रात्री १०ची अडचणीची वेळ मिळाली आणि निर्मितीच्या खर्चालाही कात्री लागली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी दैनंदिन निर्मितीतून बाजूला झाले आणि फ्रेड फ्रायबर्गर निर्माते झाले. १९६९ मध्ये ७९ भागांनंतर मालिका संपली. ज्या पर्वासाठी चाहते झगडले, तेच पर्व चाहत्यांच्या बोलण्यात ऱ्हासाचे उदाहरण होऊन बसले. ह्या प्रसंगाने चाहत्यांच्या विचारात एक नवी गोष्ट आणली. कृतीच्या गुणदोषांचे कारण कृतीच्या बाहेर, म्हणजे वेळापत्रकात, खर्चात आणि माणसांच्या येण्याजाण्यात शोधण्याची सवय त्यांना लागली.

'गेम ऑफ थ्रोन्स'विषयीचा वाद सुरू झाला, तेव्हा 'हे अस्सल नव्हे' आणि 'हे अमुक कारणाने बिघडले' ही दोन्ही सूत्रे चाहत्यांच्या हाती तयार होती.

३

ह्या मालिकेची जडणघडण वादाच्या दृष्टीने असाधारण होती. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ह्या कादंबरीमालेवर ती आधारलेली होती. मालेचे पहिले पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. पाचवे, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', जुलै २०११ मध्ये, म्हणजे मालिकेचे पहिले पर्व संपल्यानंतर आले. डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस ह्या मालिकाकर्त्यांनी आरंभ केला तो अपुऱ्या कथेच्या आधारावर, ती मूळ लेखकाकडून यथाकाल पूर्ण होईल ह्या भरवशावर. मालिका संपली तेव्हाही सहावे पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते. मार्टिन यांनी लेखकांचे वास्तुविशारद व माळी असे दोन वर्ग कल्पिले आहेत आणि स्वतःची गणना दुसऱ्या वर्गात केली आहे. माळी रोप लावतो. त्याला किती फांद्या फुटतील हे त्याला आधी ठाऊक नसते. मालिकाकर्त्यांना मात्र ठरलेल्या मुदतीत इमारत उभी करायची होती.

वादाचा पहिला टप्पा २०११ ते २०१४ असा मानता येतो. ह्या काळात पुस्तके वाचलेले आणि न वाचलेले असे प्रेक्षकांचे दोन वर्ग होते. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्क ह्या नायकवत भासणाऱ्या पात्राचा शिरच्छेद होतो. तिसऱ्या पर्वात त्याचा मुलगा व पत्नी एका विवाहसमारंभात विश्वासघाताने मारले जातात. दुसऱ्या वर्गाला हे धक्के होते, पहिल्याला प्रतीक्षित क्षण. तक्रारी होत्या त्या रूपांतराच्या निष्ठेविषयी. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र बदलले, अशा स्वरूपाच्या. ऱ्हासाची भाषा अजून आलेली नव्हती.

दुसरा टप्पा २०१५-१६चा. पाचव्या पर्वात छापील कथेचा साठा संपत आला; सहावे पर्व बव्हंशी तिच्या पलीकडे गेले. पहिल्या चार पर्वांत प्रत्येकी एक भाग स्वतः लिहिणारे मार्टिन ह्यानंतर मालिकेच्या लेखनात उरले नाहीत. चाहत्यांच्या चर्चेत 'पुस्तकांच्या आधी' आणि 'पुस्तकांच्या नंतर' असे कालविभाग रूढ झाले. हा युक्तिवाद सोपा आणि आकर्षक होता: मूळ लेखक गेला, म्हणून कस गेला. परंतु त्याची मर्यादा त्याच वर्षी उघड झाली. पाचव्या पर्वात स्टॅनिस बराथिऑन आपली कन्या शिरीन हिला अग्नीत बळी देतो. प्रकाशित पुस्तकांत हे घडलेले नाही. म्हणून अनेकांनी हा प्रसंग मालिकाकर्त्यांच्या माथी मारला आणि अनुचित ठरवला. मालिकाकर्त्यांनी मात्र ही घटना आपल्याला खुद्द मार्टिन यांनी सांगितल्याचे स्पष्ट केले. २०१३ मध्येच ते मार्टिन यांना सँटा फे येथे भेटून कथेच्या शेवटाची रूपरेषा समजून घेऊन आले होते. म्हणजे जे प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढले जात होते, त्यातील काही मूळ लेखकाचेच होते. कर्तृत्वावरून गुणवत्ता ठरवणाऱ्या निकषाला ह्याहून स्पष्ट प्रत्याख्यान मिळणे कठीण. उलट, ज्या भागांना सर्वाधिक प्रशंसा मिळाली त्यांत पाचव्या पर्वातील 'हार्डहोम' आणि सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग यांचा समावेश होता. आणि हे दोन्ही बव्हंशी मालिकाकर्त्यांच्या स्वतंत्र रचनेचे होते.

तिसरा टप्पा २०१७चा. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी १० भाग होते. सातव्यात ७ आणि आठव्यात ६ भाग ठेवण्यात आले. वाहिनी अधिक भाग देण्यास राजी होती. आटोपशीरपणाचा निर्णय मालिकाकर्त्यांचा होता. ह्याचा पहिला परिणाम अंतरांवर झाला. पूर्वी राजधानीपासून उत्तरेच्या भिंतीपर्यंत जाण्यास अनेक भाग लागत, आणि त्या प्रवासातच पात्रे बदलत, मैत्री जडे, वैर पिके. सातव्या पर्वात ती अंतरे एका भागात पार होऊ लागली. सहाव्या भागात निरोप्या कावळा हिमप्रदेशातून सागरतीरावरील दुर्गापर्यंत जातो आणि ड्रॅगनवर आरूढ राणी वेळेवर येऊन पोहोचते. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी वेळेचे गणित धूसर असल्याचे मान्य केले आणि आपला प्रयत्न अशक्य पण पटण्याजोगे दाखवण्याचा होता, असा बचाव केला. ही परिभाषा मुळात अ‍ॅरिस्टॉटलची आहे, हे काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला सांगावयास नको. चाहत्यांचे उत्तरही तेवढेच शास्त्रशुद्ध होते. ड्रॅगन अशक्य आहे, तो त्यांनी पहिल्या पर्वातच स्वीकारला होता. ज्या जगाने अंतराला अर्थ दिला, त्यानेच अंतर विसरावे, हे मात्र असंभाव्य होते. नियम कृतीनेच घालून दिलेला होता. चाहते तो बाहेरून लादत नव्हते.

४

आठव्या पर्वात वाद शिगेला पोहोचला आणि एका पात्राभोवती केंद्रित झाला. डेनेरिस टार्गेरियन ही निर्वासित राजकन्या पहिल्या पर्वापासून गुलामांची मुक्तिदात्री म्हणून वाढत आलेली असते. पाचव्या भागात राजधानी शरण येते, शरणागतीच्या घंटा वाजतात, आणि त्यानंतर ती नगरातील निरपराध प्रजेला ड्रॅगनच्या अग्नीने जाळून काढते. सहाव्या भागात तिचा वध होतो.

समर्थकांनी पूर्वसूचनांची यादी पुढे केली. पहिल्या पर्वात तिने एका स्त्रीला चितेवर जिवंत जाळले होते. चौथ्यात मिरीन नगरीतील १६३ धनिकांना खिळ्यांनी ठोकले होते. सातव्यात शरण न येणाऱ्या पितापुत्रांना भस्मसात केले होते. तिच्या कुळात वेडाचा इतिहास होता. विरोधकांचे म्हणणे असे की, पूर्वसूचना म्हणजे स्वभावपरिपोष नव्हे. एखादी गोष्ट घडेल असे सुचवणे वेगळे आणि ती अपरिहार्य वाटेल अशा रीतीने घडवणे वेगळे. यादीतील प्रत्येक प्रसंगी तिच्या क्रौर्याला कारण होते व लक्ष्य होते; घंटांनंतरच्या संहाराला दोन्ही नव्हते. हा भेद किती सूक्ष्म आहे हे लक्षात घेतले, म्हणजे चाहत्यांच्या वादाला 'मनासारखे घडले नाही म्हणून रुसवा' म्हणणे किती अपुरे आहे ते कळते. कित्येक विरोधकांना तिचे हे पतन तत्त्वतः मान्य होते. न पटणारी गोष्ट होती ती त्याची वाट.

समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी मे २०१९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलेल्या लेखात ह्या असमाधानाला वेगळे स्पष्टीकरण दिले. मालिकेचे कथन आरंभी समाजशास्त्रीय होते, शेवटी ते मानसशास्त्रीय झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पूर्वी पात्रांच्या कृती संस्था, कुळे, ऋणे आणि सत्तेची रचना यांच्या दाबातून उद्भवत. म्हणूनच नेड स्टार्कसारखे मध्यवर्ती पात्र गेले तरी कथा थांबत नसे. शेवटी घटनांचे कारण व्यक्तीच्या अंतःकरणात, तिच्या रक्तात, तिच्या वेडात शोधले जाऊ लागले. ह्या मांडणीचे बळ असे की, ती दोष 'लेखक कमी पडले' ह्यावर न थोपवता कारणमीमांसेच्या बदलावर ठेवते. परंतु ती एक गोष्ट स्पष्ट करीत नाही. मानसशास्त्रीय कथन स्वतःच सदोष नसते. डेनेरिसच्या मनाचा प्रवास पुरेशा विस्ताराने दाखवला असता, तर प्रेक्षकांनी तो नाकारलाच असता असे नाही. प्रश्न कारणाच्या प्रकाराइतकाच कारणाला मिळालेल्या अवकाशाचा आहे.

येथे भारतीय नाट्यशास्त्रातील संधिविचार उपयोगी पडतो. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण ह्या पाच संधींतून बीजाचा फलापर्यंतचा प्रवास होतो. मुखसंधीत पेरलेले आणि पुढे विखुरलेले अर्थ निर्वहणात एका प्रयोजनाकडे आणले जातात. त्याआधीचा विमर्श हा संधी असा आहे की जेथे क्रोध, व्यसन किंवा विलोभन यांमुळे फलाविषयी विचार करावा लागतो, फलप्राप्ती संशयित होते. डेनेरिसची कथा ह्या चौकटीत ठेवून पाहिली, तर तिच्या क्रोधाचे स्थान विमर्शात येते. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात तिचा निष्ठावंत सेवक मरतो. चौथ्यात तिचा एक ड्रॅगन आणि तिची जिवलग सखी मारली जाते. पाचव्यात सल्लागाराचा द्रोह उघड होतो, आणि त्याच भागात नगर जळते. सामग्री सर्व आहे. विमर्शाची द्रव्ये आहेत. विमर्शाला लागणारा काळ नाही. निर्वहण घाईने आले असे म्हणण्यापेक्षा निर्वहणाने विमर्शाची जागा व्यापली, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

निर्वहणात अद्भुत रस असावा, असेही नाट्यशास्त्राने सांगितले आहे. तिसऱ्या भागात उत्तरेकडील मृतसेनेच्या अधिपतीचा वध आर्या स्टार्क अकस्मात करते, हा अद्भुताचाच प्रयोग होता. पण अद्भुत वेगळे आणि निर्बीज वेगळे. समर्थकांनी तिसऱ्या पर्वातील, म्हणजे २०१३चा, एक संवाद ह्या घटनेचे बीज म्हणून दाखवला. मालिकाकर्त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे मात्र आर्याची निवड त्यांनी त्याआधी सुमारे तीन वर्षे, म्हणजे त्या संवादानंतर बऱ्याच काळाने, केलेली होती. ज्याला बीज म्हटले जाते ते येथे फळ हाती आल्यावर ओळखले गेले.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. नाटककाराला मुखसंधी लिहिताना निर्वहण ठाऊक असते. क्रमशः कथनकाराला ते बहुधा नसते. मग त्याला हा निकष लावणे अन्यायाचे नव्हे काय? आक्षेप अर्धा खरा आहे. क्रमशः कथनात बीज पश्चात ओळखले जाणे हा दोष नसून त्या प्रकाराचा धर्म आहे. परंतु म्हणूनच तेथे विमर्शाची गरज अधिक असते. मागील सामग्रीतून नवे बीज निवडायचे असेल, तर त्याला रुजण्यास काळ द्यावा लागतो. भागांची संख्या दहावरून सहावर आणण्याचा निर्णय हा म्हणून केवळ निर्मितीचा तपशील राहत नाही. तो काव्यशास्त्रीय निर्णय ठरतो. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी कृतीबाहेरची कारणे शोधण्याचा जो परिपाठ घातला, तो येथे कृतीच्या अंतर्रचनेशी येऊन मिळतो.

५

अखेरच्या भागात, रिकाम्या सिंहासनाचा निवाडा करण्यासाठी जमलेल्या सभेत टिरियन लॅनिस्टर असा युक्तिवाद करतो की, माणसांना एकत्र आणणारी शक्ती सैन्यात वा सुवर्णात नसून कथेत असते, आणि ज्याची कथा सर्वांत थोर तो ब्रॅन स्टार्क राजा व्हावा. मालिकेने स्वतःविषयी केलेले हे सर्वांत उघड विधान होय. प्रेक्षकांनी ते मालिकेवरच उलटवले. ज्या ब्रॅनची कथा थोर म्हणायची, तो पाचव्या पर्वात एकदाही दिसला नव्हता. कथेची शक्ती सांगणाऱ्या प्रसंगालाच कथेचा आधार पुरेसा नव्हता. विशेष म्हणजे हा आक्षेप घेताना चाहते टिरियनशी सहमत होते. कथा माणसांना बांधते, हे त्यांनी आठ वर्षे अनुभवले होते. म्हणूनच त्यांना तिच्याकडून हिशेब हवा होता.

हिशेब मागणे आणि पुनर्लेखन मागणे ह्या मात्र दोन गोष्टी आहेत. जाहीर अर्जाने दुसरी मागणी केली आणि वादाला वेगळे वळण लागले. सान्सा स्टार्कची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नर हिने ही मागणी पर्वासाठी राबलेल्या सर्वांचा अनादर करणारी असल्याचे म्हटले. तिच्या बोलण्यात तथ्य होते. समीक्षेचा अधिकार निर्णयाचा असतो, कर्तृत्वाचा नसतो; कृती सदोष आहे हे सिद्ध केल्याने ती पुन्हा घडवून घेण्याचा हक्क प्राप्त होत नाही. परंतु मागणी अवाजवी म्हणून तिच्यामागील निर्णयही अवाजवी ठरत नाही. अनेकांनी हे दोन्ही एकत्र करून चाहत्यांना हक्काने हट्ट करणारे ग्राहक ठरवले, आणि चार वर्षांत घडत आलेला सूक्ष्म युक्तिवाद त्या गदारोळात हरवला.

उरतो तो तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न: वाईट शेवटाने आधीचे चांगले भाग वाईट होतात काय? पुष्कळ चाहत्यांनी आता पहिली पर्वे पुन्हा पाहवत नाहीत, असे म्हटले. इतरांनी उत्तर दिले की, नेड स्टार्कच्या वधाचा धक्का २०११ मध्ये खरा होता आणि २०१९ मधील कोणताही प्रसंग तो परत घेऊ शकत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत होत्या. अनुभव घडून गेलेला असतो. तो रद्द होत नाही. अर्थ मात्र मागे वळून बदलतो. जेमी लॅनिस्टर पहिल्याच भागात एका बालकाला मनोऱ्यावरून ढकलतो. पुढे हात गमावून, एका स्त्रीयोद्ध्याच्या सहवासात हळूहळू निराळा माणूस होऊ लागतो. आणि अखेरीस सर्सीकडेच परततो. जे वर्षानुवर्षे परिवर्तन म्हणून वाचले गेले, ते ह्या शेवटाने एक दीर्घ आडवळण ठरवले. असा शेवट करण्याचा अधिकार लेखकाला निश्चितच आहे. पण ज्या शेवटामुळे मागील वाचन चुकीचे ठरते, त्याने त्याऐवजी अधिक समृद्ध वाचन देऊ केले पाहिजे. नेड स्टार्कच्या वधाने हेच केले होते. प्रेक्षकांची नायकाविषयीची अपेक्षा मोडून त्यांना अधिक कठोर आणि अधिक सुसंगत जग दाखवले होते. ज्या प्रेक्षकांनी तो अपेक्षाभंग कृतज्ञतेने स्वीकारला, त्यांच्यावर आठ वर्षांनी 'अपेक्षाभंग सहन होत नाही' असा आरोप करणे इतिहासाला धरून नाही.

ह्या दृष्टीने 'ऱ्हास' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. तो सजीवाच्या रूपकातून आलेला आहे: जन्म, वाढ, जरा. मालिका अशा रीतीने म्हातारी झाली नाही. तिचे दृश्यसामर्थ्य, अभिनय, संगीत ही अंगे अखेरपर्यंत सतेज राहिली. जे पुरस्कार तिला मिळाले ते केवळ सवयीने मिळाले, असे म्हणता येत नाही. मूळ कथेचा आधार २०१५-१६ मध्ये सुटला, आणि तरीही काही उत्कृष्ट भाग निर्माण झाले. २०१७ पासून कथनाचा काळ आखूड केला गेला, आणि तेव्हापासून कारण व कार्य यांच्यातील सांधे उघडे पडू लागले. चाहत्यांनी ह्या दोन घटना एकाच उताराच्या दोन पायऱ्या मानल्या. वस्तुतः पहिली कर्तृत्वाची घटना आहे आणि दुसरी रचनेची. आणि कृतीचे भवितव्य ठरवले ते दुसरीने.

कॉर्नवॉलच्या त्या नावाड्याजवळ कोणताही सिद्धान्त नव्हता. होम्स पूर्वीसारखा राहिला नाही एवढेच त्याला जाणवले होते. एकशे सोळा वर्षांनंतर लक्षावधी प्रेक्षकांनी तीच जाणीव अंतरे मोजून, बीजे शोधून, प्रसंगांच्या याद्या करून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. त्यांचे निष्कर्ष सर्वच टिकणारे नाहीत. पण प्रिय कृतीच्या पतनाचे दुःख कारणांच्या शोधात रूपांतरित करणे हा समीक्षेचा आरंभ असतो. आणि तो आरंभ त्यांनी समीक्षकांची वाट न पाहता स्वतःच केला होता.